उतरायच्या आधीच सुटणारं विमान
सहा दिवसांच्या सहलीतलं मला सगळ्यात लख्ख काय आठवत असेल, तर होल्डवरची पियानोची टिंगटिंग.

मार्चच्या शेवटच्या रविवारी विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक लागू होतं आणि ठरलेल्या वेळा इकडच्या तिकडे होतात. आमचा परतीचा प्रवास नेमका त्यानंतरचा. निघायच्या तीन आठवडे आधी मेल आला, 'आपल्या प्रवासात किरकोळ बदल'. किरकोळ म्हणजे पहिलं विमान दोन वीसला उतरणार आणि पुढचं एक पन्नासला सुटणार! खाली बटण होतं, 'मान्य आहे'.

आईने चष्मा लावून वाचलं. "अगं, मग मधेच उडी मारायची का?"

बटण दाबलं नाही, एवढंच माझं शहाणपण. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर होती, म्हणजे जुळवून देणं कंपनीचं काम. फोन लावला. सत्तेचाळीस मिनिटं टिंगटिंग, मग एक मुलगा. सहा अक्षरी पीएनआर सांगितला. "मॅडम, सिस्टीममध्ये कनेक्शन बरोबर दिसतंय." मी त्याला दोन्ही वेळा मोठ्याने वाचून दाखवल्या, मग नको ते बोलले. त्या पोराने काय माझं घोडं मारलं होतं? फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने संध्याकाळच्या विमानात टाकलं. "झालं मॅडम, निर्धास्त राहा."

राहिले.

सहल छान झाली. समुद्र, पाऊस, आईचे गुडघे.

परतताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बुकिंग आहे, तिकीट नाही." हे दोन वेगळे असतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. विमान बदललं होतं, पण तेरा आकडी ई-तिकीट त्या नव्या विमानासाठी पुन्हा काढलंच नव्हतं. "कॉल सेंटरला फोन करा," तो म्हणाला. त्याच कंपनीच्या काउंटरवर, त्याच कंपनीचा शर्ट घालून! मी केलाही. पुन्हा टिंगटिंग. मागे रांग चुळबुळत होती, आई ट्रॉलीवर बसली होती.

शेवटी शेजारच्या काउंटरवरची एक वयस्कर बाई, पर्स खांद्याला लावून घरी निघालेली, थांबली. चार मिनिटं खटाखटा टाइप केलं, बोर्डिंग पास पुढे सरकवले आणि गेली. हसलीसुद्धा नाही. पूर्ण प्रवासात मला तेवढी एकच व्यक्ती आवडली.

विमानात बसलो, पट्टे लावले. स्पीकरमधून तीच पियानोची धून सुरू झाली. आईने पिशवीतून कापूस काढला, अर्धा मला दिला.