माझाच पेपर मागे घेताना

"ताई, जूनच्या पहिल्या आठवड्यात मुठेचं पाणी 19 अंश कसं असेल?"

लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, तेव्हा मी तिला "नीट वाच" म्हणाले. मग आमच्या छापून आलेल्या पेपरमधला तो तक्ता मीच नीट वाचला.

विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, ओंकारेश्वर, संगम, बंडगार्डन, मुंढवा. पुण्यात नदीकाठची सहा ठिकाणं, बारा महिने, 72 नोंदी. पाण्याचं तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचा इथे संबंधच दिसत नाही, सगळं सांडपाणी ठरवतं, असा आमचा निष्कर्ष होता. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे बारावीची मुलंही सांगतात. त्यामुळे आमचं म्हणणं नवं वाटलं आणि पेपर पटकन स्वीकारला गेला. इतका वेगळा निकाल आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. आवडलेला निकाल कोणी दोनदा तपासत नाही, मीही तपासला नाही.

कपाटातून फील्डवही काढली. पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीत बाटलीत जो तपकिरी साका बसतो, त्याचे डाग पानभर. त्यातच पेन्सिलीने लिहिलेलं: जून, विठ्ठलवाडी, 27.5. 19 हा आकडा जानेवारीतल्या सकाळचा होता. एक्सेलमध्ये एकच रकाना निवडून सॉर्ट केलं की चौकट येते, शेजारचे रकानेही घ्यायचे का म्हणून. मी 'निवडलंय तेवढंच' वर क्लिक केलं होतं. तापमान चढत्या क्रमाने लागलं, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. वहीवरून आकडे पुन्हा भरले आणि संबंध लख्ख दिसला.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "संपादकांना आजच मेल टाक." एका सहलेखकांना मात्र पटेना. त्यांच्या प्रमोशनच्या फाइलमध्ये हा पेपर होता. "एवढं कोण बघतंय?" असं ते तीन आठवडे म्हणत राहिले. मी त्यांना प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या जेफ्री चँग यांचं उदाहरण दिलं: प्रोग्राममध्ये दोन रकान्यांची अदलाबदल झाल्याचं कळल्यावर 2006 मध्ये त्यांच्या गटाने पाच पेपर मागे घेतले. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना रसायनशास्त्राचं 2018 चं नोबेल मिळालं, आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांनी प्रयोगाचे निकाल पुन्हा येत नाहीत म्हणून आपला पेपर मागे घेतला, तोही जाहीर माफी मागून. सहलेखकांची सही शेवटी मिळाली. त्यांच्यावर माझा राग नाही. मोजणीच पेपरांच्या संख्येची असेल तर माणूस दुसरं काय करणार?

जर्नलचं पहिलं उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्यांना छोटी शुद्धिपत्रिका पुरेशी वाटत होती. पण मुख्य निष्कर्षच कोसळला असेल, तर चूक प्रामाणिक असली तरी पेपर मागे घ्यावा, असं 'कोप' या प्रकाशन-नीतीच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मूळ डेटा, वहीच्या पानांचे फोटो आणि चौघांची संमतिपत्रं पाठवली. पेपर मागे घेतल्याच्या सूचनेच्या मसुद्यात नुसतं 'लेखकांच्या विनंतीवरून' असं होतं. कारण लिहा, असा मी आग्रह धरला. नाहीतर वाचणाऱ्याला चूक झाली की लबाडी केली, हे कसं कळणार? या सगळ्यात आठ महिने गेले.

आमच्याकडे पेपर म्हटलं की पहिला प्रश्न असायचा, "जर्नल केअरमध्ये आहे का?" केअर म्हणजे यूजीसीची मान्य जर्नलांची यादी. ती सांभाळणारा कक्ष इथे पुण्यातच, विद्यापीठात होता, फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने यादीच बंद केली. पण यादी जर्नल तपासायची, माझा रकाना कोण तपासणार होतं? आता आमच्या लॅबमध्ये मूळ फाइलला कोणी हात लावत नाही, ती कुलूपबंद असते. सगळं गणित स्क्रिप्टमधून, म्हणजे लिहून ठेवलेल्या प्रोग्राममधून होतं. पाठवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी वहीतली दहा पानं फाइलशी ताडून बघायची, आणि पेपरबरोबर डेटा झेनोडो या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवायचा. त्या मुलीच्या पहिल्या पेपरचा डेटा मी स्वतः ताडला.

आमचा पेपर तिघांनी संदर्भात घेतला होता. तिघांनाही पत्र लिहिलं. एका विद्यार्थ्याचं उत्तर त्याच रात्री आलं: आमचा तक्ता त्याने प्रबंधात घेतला होता, आणि प्रबंध पुढच्या आठवड्यात बायंडिंगला जाणार होता.