तुम्ही विचारलंत म्हणून : अठरा किलोमीटर वरचं विमान

माझे फोटो पाहणारे फिरून फिरून एकच विचारतात. नासाचं डब्ल्यूबी-५७ हे संशोधनाचं विमान साठ हजार फुटांवरून, म्हणजे अठरा किलोमीटरवरून उडतं, मग खालून ते दिसतं तरी कसं? आणि दिसलं, तरी त्या ठिपक्याचा फोटो काढून मिळतं काय?

दिसतं, कारण त्याचे पंख अफाट आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३७ मीटर. विमानाची लांबी मात्र २१ मीटरच. ते अठरा किलोमीटरवर, बरोबर डोक्यावर असताना पंखांची रुंदी पूर्ण चंद्राच्या साधारण पावपट भरते. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर सव्वा मिलिमीटरची आकृती उमटते, म्हणजे कॅमेऱ्याप्रमाणे दोनशे-तीनशे पिक्सेल. तेवढ्यात दोन इंजिनं वेगळी ओळखू येतात.

खरी पंचाईत शोधण्याची. प्रवासी विमानामागची पांढरी रेघ पकडली की तिच्या टोकाशी विमान सापडतं. त्याहून इतक्या वर हवा फार कोरडी, तिथे रेघ बहुधा उमटतच नाही. म्हणून डोळ्यांआधी रिसीव्हर. विमान आपली जागा आणि उंची रेडिओवरून कळवत असतं. अशी विमानं तीनच आहेत, ९२६, ९२७ आणि ९२८. रिसीव्हरच्या यादीत यातला आकडा दिसला की मी बाहेर. तरी ते पार डोक्यावर येईपर्यंत थांबतो. क्षितिजापासून तीस अंशांवर असेल तर अंतर दुप्पट होतं, आणि मधली तापलेली हवा सगळ्या कडा खाऊन टाकते. मान अवघडते, त्याला इलाज नाही.

ऑटोफोकस बंद. कोऱ्या निळ्या आभाळात तो नुसता चाचपडत राहतो. आधीच चंद्रावर किंवा लांबच्या विमानावर फोकस जुळवायचा आणि रिंगवर चिकटपट्टी मारायची. वेगाची धास्ती नको. चंद्राच्या व्यासाएवढं अंतर कापायला त्याला जवळपास एक सेकंद लागतो. एक्स्पोजर मात्र हाताने कमी करा, नाहीतर पांढरं विमान पार जळून जातं. सूर्य मावळल्यावर ती वेळ सगळ्यात चांगली : खाली अंधारू लागलेलं असतं आणि वर विमानावर अजून ऊन.

आता मिळतं काय. देखणा फोटो हवा असेल तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एलिंग्टन विमानतळाजवळ विमान उतरताना काढा. शेपटीवरचा आकडा, आतल्या दोघांची हेल्मेट, सगळं स्वच्छ येतं. ९२७ असेल तर आणखी मजा : ते अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ४१ वर्षं पडून होतं आणि २०१३ मध्ये पुन्हा उडालं. नासाच्याच ईआर-२ या दुसऱ्या उंच उडणाऱ्या विमानाचं उतरणं तर त्याहून प्रेक्षणीय. धावपट्टीवर मागून मोटार सुसाट येते आणि तिच्यातला दुसरा वैमानिक रेडिओवरून उरलेली उंची सांगत राहतो.

पण मला डब्ल्यूबी-५७ जमिनीलगत दिसतं तेव्हा बेढब वाटतं. एवढ्याशा धडाला एवढे पंख कशाला, असं. ते पंख विरळ हवेसाठी आहेत. २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास ग्रहणात अशा दोन विमानांनी नाकात दुर्बिणी बसवून एकामागोमाग चंद्राच्या सावलीचा पाठलाग केला आणि दोघांनी मिळून सात मिनिटांहून जास्त खग्रास स्थिती टिपली. जमिनीवर एका जागी ती पावणेतीन मिनिटंही नव्हती. विमान ज्या उंचीसाठी घडवलंय, त्या उंचीवर कामात असतानाचा फोटो मला हवा असतो. तो धूसर येतो, भिंतीवर लावण्याजोगा नसतो, आणि घरचे त्याला अजूनही कचरा समजतात.