कानबाईच्या आधीची गोळी आणि घरातल्या गुठळ्या

श्रावणात कानबाई (खानदेशात घरोघरी बसवतात ती देवी) बसायच्या आधी, लग्नसराईत, गडावर जायच्या आदल्या आठवड्यात मेडिकलवर पाळी पुढे ढकलायची गोळी मागितली जाते. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनची असते: 5 मिलिग्रॅम, दिवसातून 3 वेळा, पाळीच्या 3 दिवस आधीपासून. बहुतेकींना त्रास होत नाही. पण या डोसला तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठायचा कल वाढतो.

म्हणून आधी घरात विचारा: आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती का? आपल्याकडे सगळंच ‘अटॅकने गेले’ या दोन शब्दांत आटोपतं. बाळंतपणानंतर महिन्याभरात किंवा पायाला प्लास्टर असताना कुणी दम लागून अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरला सांगा.

प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटीथ्रॉम्बिन (रक्त गोठणं आवरणारी तीन प्रथिनं) कमी असणं, किंवा फॅक्टर फाइव्ह लायडन (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातला हा दोष 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडला), हे सगळं आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही. दोघांपैकी एकाकडे दोष असला तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. दोष असलेल्या अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. लायडनच्या जनुकाची एकच प्रत (आई-वडिलांपैकी एकाकडून) आली असली तर गुठळीचा धोका साधारण 3 ते 5 पट, अँटीथ्रॉम्बिन कमी असेल तर त्याहून बराच जास्त. गुठळी होते ती सहसा वर आणखी काही पडलं की: ऑपरेशन, बाळंतपणानंतरचे 6 आठवडे, गोळ्या. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, म्हणून बाळंतिणीला पाणी तोडायची पद्धत तर अशा घरात बंदच करावी.

तपासणीत पैसे वाया जातात ते चुकीच्या वेळेमुळे. ताज्या गुठळीत तिन्ही प्रथिनं खाली येऊ शकतात, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर हेपॅरिनवर अँटीथ्रॉम्बिन कमी दिसतं, वॉरफरिनवर सी आणि एस, गरोदरपणात एस. असा रिपोर्ट पाहून ‘खानदानी दोष’ ठरवू नका. साधारण 3 महिने थांबून, औषध बंद करता येत असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने बंद करून, पुन्हा तपासा. लायडनची जनुकीय चाचणी मात्र केव्हाही चालते. सगळ्या भाऊबंदांना लॅबमध्ये रांगेत उभं करायची गरज नाही. गोळी किंवा गरोदरपण समोर असलेल्या मुलीपासून सुरुवात करा.

डॉक्टर गोळी नको म्हणाले, तर पूजेला कोण बसणार ते घरच्यांनी बघावं. त्यासाठी पोरीने गोळी गिळू नये.

गोळी घेतलीच, तर एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ येणं, यांसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोकेदुखी जास्त फसवते. ती पित्त किंवा जागरणाच्या खात्यावर जमा होते. दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी, सोबत उलट्या, अंधुक दिसणं किंवा आकडी (फिट) असेल, तर गोळीचं नाव डॉक्टरला सांगा. मेंदूच्या शिरेत गुठळी असूनही साधा सीटी स्कॅन अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो. मेंदूच्या शिरा दाखवणारी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी लागते.