कलाशाळेची खोली: उजेड, डाँकी आणि शाडू

खोली १२ बाय १८ फूट, उत्तरेला मोठी खिडकी. चित्रकाराला उत्तरेचा उजेड सोन्यासारखा म्हणतात, पण कोल्हापुरात तो मे महिन्यात दगा देतो. आपण साधारण १६.७ अंश अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळची तिरीप सरळ खोलीत शिरते. सुट्टीची बॅच नेमकी तेव्हाच. पितळी तांब्यावर उन्हाचा कवडसा पडला की छटा दर दहा मिनिटांनी बदलतात आणि पोरं खोडरबर घेऊन बसतात. म्हणून खिडकीच्या दोन्ही अंगांना बाहेरून दीड फूट रुंद उभ्या फळ्या ठोकल्या, काचेला बटर पेपर लावला आणि खालचे अडीच फूट काळ्या कापडाने झाकले. आता उजेड वरून, एकाच बाजूने येतो. संध्याकाळच्या बॅचला सगळ्या ट्यूब लावल्या तर एका वस्तूला तीन सावल्या. चित्रासाठी मांडलेल्या वस्तूंवर बाजूने एकच दिवा ठेवायचा.

पालकांचा पहिला प्रश्न एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा. समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र दोन्हींत आहे, त्यामुळे मांडणीचा कोपरा आधी पक्का केला. चौरंग असा, की तांब्याचं तोंड बसलेल्या मुलाच्या नजरेखाली फूटभर राहील. नजरेच्या रेषेत आलं तर लंबवर्तुळाची नुसती रेघ होते, मग शिकवायचं काय? पहिली रांग पाच फुटांवर. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, मांडायला झकास, कडा आणि पोत दोन्ही मिळतात; मुंग्यांसाठी खाली पाण्याची परात हवीच.

डाँकी म्हणजे चित्र काढायचं बाकडं: त्यावर बसायचं आणि पुढच्या पट्टीला बोर्ड टेकवायचा. या जागेत अशा आठ डाँकी आरामात बसतात. दहा कोंबता येतील, पण कडेच्या दोघांना वस्तूची पाठच दिसेल. बैठक मोठ्यांना १६ इंच, लहानांना १३. मूल बोर्डावर रेलतं, म्हणून पुढचे पाय बाहेर तिरके हवेत, नाहीतर डाँकी तोंडावर पडते. बोर्ड टेकायची उभी पट्टी खिळ्यांवर टिकत नाही, महिन्याभरात डुगडुगते. तिथे नट-बोल्टच.

शाडूचा कोपरा नळापासून लांब ठेवला आहे, मुद्दाम. हात धुवायला ओळीने तीन बादल्या: पहिलीत गाळ, दुसरीत उरलेला, तिसरीत जवळजवळ स्वच्छ पाणी. रात्रभर निवलं की वरचं पाणी कुंड्यांना, खालचा गाळ पुन्हा मळायला. नळाखाली धुतलं की शाडू पाइपच्या वळणात बसतो, आणि मग प्लंबर. उठावचित्राचा, म्हणजे मातीत उठावदार आकार काढायचा, फळा फूटभर चौकोनी, मातीचा थर पाऊण इंच. कडा आधी वाळून तडकतात, त्यांवर ओलं कापड ठेवायचं.

रविवारी बाहेर चित्रण. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेला कोटितीर्थ तलाव आहेच. पाऊस लागायच्या आत दोन-तीन फेऱ्या व्हायला हव्यात, कारण जूननंतर कागद इतका दमट होतो की जलरंगाचा थर वाळतच नाही. कागदाचा गठ्ठा आत्ताच भिंतीपासून काढून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलाय, तळाला लाकडी पट्ट्या घालून.