धंदा स्वतःचा, मेडिक्लेमही स्वतःचा: पॉलिसी घेताना काय बघायचं

नोकरीत असताना मेडिक्लेमचं सगळं एचआर बघतं. दुकान, वर्कशॉप, क्लिनिक किंवा फ्रीलान्सिंग सुरू केलं की ते आपल्या गळ्यात येतं. मग पहिला प्रश्न असतो, "पाच लाखांची घेऊ की दहा?" रक्कम महत्त्वाची आहेच, पण क्लेमच्या वेळी पैसे कापले जातात ते अटींवर बोट ठेवून. त्यामुळे ब्रोशर बाजूला ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरून त्या पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग उतरवून घ्या. सगळं वाचायची गरज नाही. रूम रेंट (खोलीभाडं), को-पे (क्लेममधला आपण भरायचा वाटा), सब-लिमिट (एखाद्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम) आणि वेटिंग पिरियड (क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) हे चार शब्द शोधा आणि तेवढे परिच्छेद दोनदा वाचा.

रूम रेंटपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा फटका इथेच बसतो. समजा विमा ५ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. पेशंट ८,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. खोलीचे ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे १,६०,०००, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे ९०,००० असं २,८२,००० चं बिल झालं. बहुतेकांना वाटतं की खोलीतल्या फरकाचे १२,००० आपण भरायचे आणि विषय संपला. प्रत्यक्षात कंपनी सर्जनपासून नर्सिंगपर्यंतची रक्कमही पाच अष्टमांशच मंजूर करते, म्हणजे १,६०,००० चे १,००,०००. खोलीचे २०,००० आणि औषधं-तपासण्यांचे ९०,००० धरून मिळाले २,१०,०००. खिशातून गेले ७२,०००.

याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. नियमाने औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस या कपातीत धरता येत नाहीत. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलतच नाहीत, तिथेही ही कपात लावता येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर हे धरलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे विचारा. पण खरा उपाय म्हणजे खोलीभाड्याला रुपयांची मर्यादाच नसलेली पॉलिसी घेणं. "सिंगल प्रायव्हेट रूम" अशी अट असेल तरी बऱ्याच जणांचं भागतं. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणारी प्रमाणित पॉलिसी हप्त्याला हलकी आहे, पण तिच्यात खोलीला विमा रकमेच्या २ टक्के, तेही दिवसाला ५,००० पर्यंतच, आणि प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे आहे. मोठ्या शहरात राहणाऱ्याने तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

ग्लोव्हज, मास्क, गाऊन अशा किरकोळ वस्तूंचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत. लांबलेल्या मुक्कामात हा आकडा चांगलाच फुगतो. कन्झ्युमेबल्सचा रायडर, म्हणजे या वस्तूंसाठीचं जोड-कव्हर, थोड्या पैशात मिळत असेल तर घ्यावा.

वेटिंग पिरियडचे तीन थर असतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गुडघा बदलणं अशा ठराविक यादीला बहुतेक ठिकाणी २४ महिने थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. एप्रिल २०२४ च्या आधी ही कमाल मर्यादा ४८ होती. जुनं माहितीपत्रक दाखवून कोणी चार वर्षं सांगत असेल, तर ते ऐकून घेऊ नका.

नोकरी सोडून धंद्यात उतरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट वेळेत करायला हवी. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली, मागता येतं आणि जुन्या विमा रकमेपुरता वेटिंगचा झालेला काळ जमा धरला जातो. अर्ज मात्र शेवटच्या कामाच्या दिवसाआधी करा, कारण ग्रुप कव्हर बहुधा त्याच दिवशी संपतं. ग्रुप पॉलिसीचा नंबर, तुमचं नाव त्यात कधी आलं ती तारीख आणि आधीच्या क्लेमची माहिती एचआरकडून ईमेलवर मागून ठेवा. राजीनाम्यानंतर तीन महिन्यांनी फोन केला तर कोण दाद देणार?

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. एजंट सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" टिक करतो, कारण "होय" लिहिलं की मेडिकल तपासणी लागते आणि त्याची केस लांबते. बीपीची रोजची एक गोळी, वाढलेली साखर, तंबाखू, दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, सगळं लिहा. हप्ता थोडा चढेल, एखादा आजार तीन वर्षं बाहेर राहील, इतकंच. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली हे कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. त्याआधी मात्र तेच पहिलं हत्यार असतं. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत तपासा. काही चुकलं असेल तर ३० दिवसांच्या फ्री लुकमध्ये पॉलिसी परत करता येते.

आता हप्त्याचं. धंद्यातली आवक सारखी नसते, आणि नेमक्या मंदीच्या महिन्यात नूतनीकरण येतं. वार्षिक हप्ता भरायला तारीख उलटल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते. त्या मुदतीत पैसे भरले तर वेटिंगची वर्षं बुडत नाहीत, पण मधल्या खंडातलं आजारपण कव्हर होत नाही. महिन्याच्या हप्त्याला ही सवलत १५ दिवसांचीच, आणि क्लेम आला की वर्षाचे उरलेले हप्ते त्यातूनच कापून घेतले जातात. त्यापेक्षा सीझनमध्ये पैसे हातात असताना दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. जुन्या कोटेशनवर हिशेब करू नका. आणि प्रोप्रायटरचा स्वतःचा मेडिक्लेम धंद्याच्या खर्चात टाकता येत नाही. आयकराची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि हप्ता रोखीने भरला तर तीही नाही.

मोठं कव्हर स्वस्तात हवं असेल तर ५ किंवा १० लाखांच्या मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठराविक रकमेच्या (डिडक्टिबलच्या) वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी. नुसता टॉप-अप नको. वर्षात ४ लाखांची दोन आजारपणं आली आणि डिडक्टिबल ५ लाख असेल, तर टॉप-अप दोन्ही बिलं वेगवेगळी मोजून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे ३ लाख देतो.

आई-वडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये घालू नका, कारण हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं, खासगी विमा असला तरीही. ते कार्ड आधी काढून घ्या.

मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, बंद शटरचं भाडं देत नाही. धंदेवाईकाला हाड मोडून दोन महिने घरी बसणं बिलापेक्षा महाग पडू शकतं. त्यासाठी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिच्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता आहे ना ते बघावं. बऱ्याच पॉलिसींत तो विमा रकमेच्या १ टक्का असतो, जास्तीत जास्त १०० आठवडे. किती कव्हर मिळेल ते रिटर्नमधल्या उत्पन्नावर ठरतं. कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवणाऱ्यांना इथे ते आडवं येतं. व्यवसायही खरा लिहा. मचाणावर चढणाऱ्या इलेक्ट्रिशियनने "ऑफिस काम" लिहिलं तर क्लेम अडकणारच.

रिइम्बर्समेंटमध्ये, म्हणजे बिल आधी आपण भरून नंतर कंपनीकडून घेण्यात, धंद्याचं खेळतं भांडवल अडकतं, म्हणून घराजवळची दोन-तीन हॉस्पिटलं कॅशलेस यादीत आहेत का हे हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचं काम बघणाऱ्या टेबलावर) जाऊन विचारा. वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत देण्याचा विमा नियामकाचा नियम आहे. क्लेम नाकारला तर कारण आणि पॉलिसीचं कलम लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. तिथे ५० लाखांपर्यंतची तक्रार विनाशुल्क चालते, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. त्यामुळे नकाराचं पत्र तारखेसकट जपून ठेवा.