चार सेंटिमीटरची चूक आणि माझी ट्रेनिंगची वही

मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, कागदावर मुख्यसेविका, गावात नुसतं सुपरवायझर मॅडम. माझ्या बीटमध्ये २४ अंगणवाड्या आहेत, त्यातल्या तीन कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या. ही गोष्ट डिसेंबरमधली, कापूस वेचणी ऐन जोरात होती तेव्हाची.

त्या आठवड्यात माझ्या ११ सेविका तालुक्याला 'पोषण भी, पढाई भी'च्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगला गेल्या होत्या. २०२३ मध्ये हा कार्यक्रम आला, त्यात तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी आधारशिला आणि तीनच्या आतल्यांसाठी नवचेतना असे दोन अभ्यासक्रम शिकवतात, आणि चांगलं आहे ते, माझ्या सेविका तिथून येऊन खरंच वेगळ्या पद्धतीनं शिकवायला लागल्या. पण सेविका गेली की केंद्रात मागे एकटी मदतनीस उरते. म्हणून मी ठरवलं की या तीन दिवसांत जिथे मदतनीस एकटी आहे तिथेच व्हिजिट करायची.

दुसऱ्या दिवशी ज्या केंद्रावर गेले तिथे वजन-उंचीचं काम चालू होतं. बायका सकाळी सातलाच वेचायला निघून गेलेल्या, लेकरं आज्यांनी आणून सोडलेली. मदतनीस बावीस-तेवीस वर्षांची, चुणचुणीत, एकीकडे खिचडी शिजायला टाकून दुसरीकडे मोजमाप घेऊन राहिली होती आणि रजिस्टरात लिहून ठेवत होती, सेविका आल्यावर ते मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपवर भरणार. मी रजिस्टर पाहत बसले. एक मुलगी, वय २३ महिने, वजन ७.६ किलो, लांबी ७६.५ सेंटिमीटर. लांबीला वजन किती पाहिजे त्या तक्त्यावर पाहिलं तर पिवळ्यात येत होती, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषित.

मुलगी समोरच आजीच्या मांडीवर होती. मी तिचा दंड हातात घेतला आणि मला ते पिवळं पटेना, दंडावरची कातडी सैल लागत होती. पर्समधून दंडघेर टेप काढून खांदा आणि कोपर याच्या बरोबर मध्ये लावली तर ११.३ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, सॅम, तीव्र कुपोषित. आता एकच लेकरू वजन-लांबीत पिवळं आणि दंडघेरात लाल असं होऊ शकतं, दोन्ही मापं नेहमी जुळतातच असं नाही, पण मला वाटलं एकदा पुन्हा मोजून पाहू. वजनकाटा तपासला, किलोचं सीलबंद डाळीचं पाकीट ठेवलं तर बरोबर एक किलो दाखवलं. मग म्हटलं लांबी घे बरं माझ्यासमोर.

मदतनीसनं मुलीला इन्फँटोमीटरवर, म्हणजे लेकरू झोपवून लांबी मोजायच्या पाटीवर, झोपवलं. मुलगी रडायला लागली आणि तिनं दोन्ही गुडघे पोटाकडे ओढून घेतले. मदतनीसनं एका हातानं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं पायाकडची पट्टी सरकवत आणली, ती जिथे टाचेला टेकली तिथला आकडा वाचला. गुडघे वाकलेलेच.

मी विचारलं, "पाय सरळ नाही करत का?"

"लयच रडते ना जी मॅडम, एका हातानं होतच नाही. मंग जेवढं होते तेवढं घेतो."

दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपवूनच मोजायचं असते आणि ते एकटीचं कामच नाही. एकीनं डोकं वरच्या पाटीला टेकवून सरळ धरायचं, दुसरीनं गुडघे हलक्या हातानं दाबून पाय सरळ करायचे आणि मग पायाची पट्टी तळव्याला टेकवायची. मी डोकं धरलं, तिला म्हटलं गुडघ्यावर हात ठेव, घाबरू नको, दुखत नाही तिला. आकडा आला ८०.५. खात्रीसाठी पुन्हा घेतला, ८०.४.

चार सेंटिमीटर! आणि यात वाईट काय होते ते सांगते, कारण बऱ्याच जणींना हे उलटं वाटते. लेकरू कागदावर बुटकं झालं की त्या लांबीला लागणारं वजनही कमी धरलं जाते, म्हणजे वाळलेलं लेकरू तक्त्यावर ठीक दिसायला लागते. ७६.५ ला ७.६ किलो पिवळं आहे, ८०.५ ला तेच ७.६ लाल आहे. वाकलेल्या गुडघ्यांमागे एक तीव्र कुपोषित लेकरू लपलं होतं, आणि रजिस्टर चाळलं तर मागचे दोन महिनेसुद्धा अशीच लांबी लिहिलेली.

"हे तुला शिकवलं कोणी?"

"कोनीच नाही जी. ताई करते तवा पाह्यलं तसंच करतो."

ती लागली त्याला १४ महिने झाले होते. तिचा काही दोष नव्हता, हे मी तिला तिथेच सांगितलं कारण ती रडायला आली होती.

पुढचं काम लगेच केलं. आशाताईला बोलावलं, मुलीच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहिला, खळगा पडत नव्हता म्हणजे सूज नव्हती, ताप नव्हता. दुपारी आरोग्य केंद्राचे डॉक्टर गावात येणारच होते, त्यांनी तपासलं, भूक चाचणीत मुलगी नीट जेवली, म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात न पाठवता गावातच व्हीसीडीसीत, म्हणजे ग्राम बाल विकास केंद्रात, घ्यायचं ठरलं. आजी मात्र मानायला तयार नव्हती, "हे पयलेपासूनच बारीक हाय व माय, इचा बापबी असाच होता." तिच्याजवळ अर्धा तास बसले. संध्याकाळी आई रानातून आली तेव्हा तिच्याशीही बोलले, कपड्यावर कापूस चिकटलेला, पदर न सोडवताच ऐकत होती, शेवटी म्हणाली, मंग मले आधी काहून नाही सांगतलं. याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

घरी आले तर झोप लागेना. कारण दर महिन्याला प्रशिक्षणाचा जो तक्ता मी भरून पाठवते त्यात या केंद्रापुढे 'वाढ संनियंत्रण प्रशिक्षण – हो', म्हणजे वजन-उंची मोजायचं ट्रेनिंग झालं, असं लिहिलेलं होतं आणि ते मीच लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते, सेविका खरंच शिकलेली होती. पण तक्ता केंद्राचा होता, माणसाचा नव्हता, आणि मदतनीसचा त्यात रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुन्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा काढला. २०१८ ला पोषण अभियान आलं तेव्हा २१ मॉड्यूल होते, सेक्टर मिटिंगला आम्ही एकेक घ्यायचो, तेव्हापासूनचं जे जे सापडलं ते सगळं घेऊन बसले. २४ सेविका आणि २४ मदतनीस, ४८ नावं लिहिली आणि प्रत्येकीपुढे काय काय झालं ते मांडत गेले. जे निघालं ते पाहून मन खराब झालं. मोजमापाचं ट्रेनिंग एका सेविकेचं चार वेळा झालेलं, कारण तिचं गाव रोडवर आहे आणि फोन केला की ती येते. तीन 'हो' अशा होत्या की ती सेविका रिटायर होऊन गेलेली, नवीन बाईनं काहीच घेतलेलं नाही पण 'हो' तसंच पुढे चालत आलेलं. मदतनिसांपैकी मोजमाप शिकलेल्या फक्त दोन. आणि पोडावरच्या सेविकांचे मोबाइलवरचे कोर्स पूर्ण दाखवत होते, जिथे रेंजच येत नाही तिथे. विचारलं तर म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी गावात आलो की पोराजवळ मोबाइल देतो, तो व्हिडिओ लावून ठेवते. त्यांना तरी काय म्हणू, महिना संपायच्या आत सर्टिफिकेट पाहिजे म्हणून तगादा माझाच असायचा.

मग मी एक २०० पानी वही केली. एका बाईला चार पानं. तारीख, विषय, किती वेळ, कोणी शिकवलं, हे चार रकाने सगळेच ठेवतात. पाचवा रकाना मी वाढवला, 'करताना पाहिलं'. म्हणजे ट्रेनिंगनंतर महिनाभरात मी तिच्या केंद्रावर जाऊन ती गोष्ट खऱ्या लेकरावर करताना डोळ्यांनी पाहायची आणि मगच तिथे सही करायची. सही हजेरीची असते, शिकल्याची नसते, हे मला इतकी वर्षं नोकरी करून त्या इन्फँटोमीटरजवळ समजलं.

विषय कसे निवडायचे हेही बदललं. पत्र आलं की जी रिकामी असेल तिला पाठवून द्यायची अशी रीत होती. आता एप्रिलमध्ये प्रत्येक केंद्रावर बसून सेविका आणि मदतनीस दोघींना विचारते की मागच्या वर्षी कुठे अडलं. एकीनं सांगितलं, लेकराला झटका आला तेव्हा मी नुसती पळत सुटली. तिचं पहिलं ट्रेनिंग प्रथमोपचाराचं. एका केंद्रात बोलताना अडखळणारा मुलगा होता, तिथे दिव्यांग बालकांची लवकर ओळख हा विषय घेतला. वरून सगळ्यांना सक्तीचं येते ते तर करतोच, पण वर्षातला एक विषय केंद्राच्या गरजेचा असं ठरवून टाकलं.

आमच्या सीडीपीओ, म्हणजे बाल विकास प्रकल्प अधिकारी, मॅडमना वही दाखवली. त्यांनी पाचवा रकाना दोनदा वाचला आणि म्हणाल्या, सेक्टर मिटिंगचा एक दिवस मदतनिसांसाठी राखा, त्या दिवशी केंद्र सेविका सांभाळतील. हे फार मोठं झालं माझ्यासाठी, कारण मदतनीस बाहेर काढायची म्हटलं की स्वयंपाक कोण करणार इथेच आजवर गाडी अडायची. पहिल्या दिवशी २४ पैकी १९ आल्या. कितीतरी जणी पहिल्यांदाच मिटिंगच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. इन्फँटोमीटर मध्ये ठेवला, गावातलीच दोन लेकरं आयांसोबत बोलावली होती, आणि प्रत्येक जोडीनं मोजायचं, मग आकडे फळ्यावर. पहिल्या फेरीत एकाच लेकराची लांबी तीन सेंटिमीटर मागे-पुढे. चौथ्या फेरीपर्यंत अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आल्या सगळ्या.

ती मुलगी फेब्रुवारीत ८.७ किलोची झाली, दंडघेर १२.१. अजून पिवळ्यातच आहे, दर पंधरा दिवसांनी पाहते. तिथली मदतनीस आता आजीलाच डोकं धरायला लावते, स्वतः गुडघे धरते, आणि आजी शेजारणीला सांगते म्हणे की पाय सरळ केल्याबिगर माप खरं नसते.

वहीत अजून सहा जणींची पानं पाचव्या रकान्यात कोरी आहेत. त्यातल्या दोघी पोडावरच्या, त्यांच्याकडे बुधवारी जाते आहे, इन्फँटोमीटर गाडीच्या मागे बांधून, कारण त्यांच्याकडचा पावसाळ्यापासून तुटलेला आहे.