गच्चीवरचे कागदी लिंबू: पिवळ्या पालवीची नोंद

पुण्यातील आमच्या गच्चीवर अर्ध्या पिंपात लावलेल्या कागदी लिंबाची नवी पालवी पावसाळा सरताच पिवळी येऊ लागली. झाडाला खत कमी पडते आहे असे समजून मी पंधरा दिवसांत दोनदा १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचे मिश्रखत दिले, पण पालवी सुधारली नाहीच, उलट पानांच्या कडा करपल्या.

पिवळेपणा कोणत्या पानांपासून सुरू झाला, हे मी आधी पाहायला हवे होते. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा तेथून हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. आमच्या झाडाची जुनी पाने गर्द हिरवी होती, आणि शेंड्याचे पान उजेडासमोर धरल्यावर पिवळ्या पात्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट दिसली. लक्षण लोहाच्या कमतरतेचे होते.

तरीही मातीत लोह नव्हते असे नाही. पिंपातील काळ्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकताच बारीक फेस आला, म्हणजे तिच्यात मोकळा चुना होता. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साडेसातच्या वर गेला की लोह असूनही मुळांना सहज घेता येत नाही. त्यात मी वर्षभर बोअरचे जड पाणी घालत होतो आणि दर महिन्याला अंड्यांच्या टरफलांची पूड व लाकडाची राख चांगले खत म्हणून देत होतो. पूड आणि राख सामू वाढवतात, त्यामुळे आम्लधर्मी मातीत या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात. आमच्याकडच्या चुनखडीयुक्त मातीत त्या टाकू नयेत, असे मला आता ठामपणे वाटते.

डिसेंबरमध्ये पूड आणि राख बंद केली, वरची दोन इंच माती खरवडून तेथे मुरलेले शेणखत भरले आणि बोअरऐवजी नळाचे पाणी सुरू केले. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून ऊन उतरल्यावर फवारणी केली. आठवड्याने पाहिले तर जेथे थेंब पडले होते तेवढेच ठिपके हिरवे झाले होते आणि मधली जागा पिवळीच होती. लोह पानातही फारसे पसरत नाही, हे त्या ठिपक्यांवरून नेमके कळले. पुढची फवारणी पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी केली.

जानेवारीअखेर फुटलेली पालवी पोपटी आहे, शिरा वेगळ्या उठून दिसत नाहीत आणि तिच्याबरोबर आंबे बहराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या बहराच्या, कळ्याही आल्या आहेत. फवारणीचा परिणाम तात्पुरता असतो, म्हणून मातीत थोडे गंधक मिसळले आहे. जिवाणूंकडून त्याचे आम्ल होण्यास काही महिने लागतात आणि त्यातले बरेचसे चुनाच खाऊन टाकतो. तोवर दर महिन्याला सामू मोजणार आहे आणि कळ्या धरेपर्यंत दुसरे कोणतेही खत देणार नाही.